साहेब, मशीन फोनवर आहे

नोकरीतले किस्से कोणी जमवायला जात नाही, ते आपोआप साचतात. माळ्यावर रिकामे डबे साचतात ना, तसे! एखादा टाकून द्यावा म्हणून खाली काढावा, तर झाकण उघडून बघायचा मोह होतो आणि मग अख्खी दुपार तिथेच जाते.

आमच्यापाशी तर डबेच डबे आहेत. मी, ग्रेसी परेरा आणि बापट असे आम्ही तिघं वर्षातून एकदा मरोळ गावठाणात ग्रेसीच्या घरी जमतो. ती मटण आणि फुग्या, म्हणजे गोल तळलेले पाव, करते. बापट पुण्याचा, शाकाहारी. तो नुसत्या फुग्या खातो आणि रस्सा मात्र ‘चुकून’ दोनदा वाढून घेतो. जेवणं झाली की कोणीतरी म्हणतं, “आज साहेब असते ना...” की झालं! सुरुवात हसण्याने होते. शेवट कशाने होतो ते ग्रेसीच्या घरच्यांना माहीत आहे. ते आधीच अंगणात जाऊन बसतात.

मशीन गेलं, साहेब गेले, शेडसुद्धा गेली. उरलंय ते एवढंच.

*

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची शेड होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे शेठ टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवायचे आणि ते बरे खपायचेही. त्यांच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे, म्हणाले, आपण कॉम्प्युटर बनवायचा! साधासुधा नाही, शास्त्रज्ञांना लागतो तो. आकड्यांच्या अख्ख्या रांगा एका दमात गुणणारा. असली मशीनं परदेशात होती, पण आपल्याला ती सहजासहजी कोणी विकत नव्हतं. एक सरकारी प्रयोगशाळा म्हणाली, तुम्ही बनवून दाखवा, चाललं तर आम्ही घेऊ.

त्यासाठी शेठनी वागळे साहेबांना आणलं. मुलुंडला राहणारे, पक्की नोकरी सोडून आलेले, मशीनचा आराखडा अख्खा डोक्यात. मी घाटकोपरची विजया राणे, डिप्लोमा करून टेस्टिंगला चिकटलेली. आणि ग्रेसी वायरिंगच्या मुलींची मुकादम. मशीनच्या पाठीवर हजारो पिना होत्या आणि प्रत्येक पिनेला हाताने वायर गुंडाळायची. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

साहेबांचा नियम एकच. सगळ्या वायरी सारख्या लांबीच्या पाहिजेत. पिना बोटभर अंतरावर असल्या तरी वायर हातभर! उरलेली तशीच लोंबत ठेवायची, आणि ओळीत बांधायची तर अजिबात नाही. मशीनची पाठ म्हणजे नुसता गुंता दिसायचा.

शेठ एकदा मागून डोकावले आणि त्यांचा जीवच गेला. “वागळे साहेब, जायचंय इथून इथे, आणि वायर एवढी? वायर काय आपल्याला आंदण मिळाली आहे?”

साहेब शांतपणे म्हणाले, “शेठ, वायरीतून जायला सिग्नलला वेळ लागतो. लग्नात शेजारचे आधी येऊन बसले आणि विरारचे अजून यायचेत, तर पंगत सुरू करता येईल का? मला सगळे एकदम यायला हवेत. म्हणून शेजारच्यांनाही मी विरारहून फिरवून आणतो.”

“बरं. मग नीट ओळीत तरी बसवा ना त्यांना!”

“ओळीत खेटून बसले की कुजबुज सुरू होते. एकीतलं दुसरीला ऐकू जातं आणि गणित चुकतं. गुंताच बरा.”

शेठनी मान डोलावली. तेवढ्यात ग्रेसी वायर गुंडाळायची गन खाली न ठेवता म्हणाली, “साहेब, आमच्या चर्चमध्ये तर सगळ्यात उशिरा शेजारचेच येतात!”

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तो चष्मा तेव्हाच फार जाड होता. आम्हाला वाटायचं, हुशार माणसांचा असतोच.

*

आमची परीक्षा ठरलेली होती. प्रयोगशाळेने एक गणित दिलं होतं. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब कुठे किती येतो, त्याचं. सकाळी लावलं की संध्याकाळी सहाच्या सुमाराला संपायला हवं, मध्ये कुठेही न अडता. आम्ही त्याला नुसतं ‘धरण’ म्हणायचो. “धरण भरलं का?” असं साहेब रोज विचारायचे. आणि आम्ही रोज म्हणायचो, “भरतंय साहेब.” पण ते कधी दुपारपर्यंत जायचं, कधी चहापर्यंत, आणि अडायचं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली. कारखान्यात करतात तशीच, हळद-कुंकू, नारळ, सगळं. साहेबांनी एकच अट घातली होती, कुंकू पिनांपासून लांब ठेवा. ते आम्ही पाळलं. पण झेंडूची ही एवढी जाड माळ मुलींनी मशीनच्या तोंडावरच घातली. हवा आत घ्यायची जाळी नेमकी तिथे!

दसऱ्यानंतर मशीन लावलं तर तासाभरात तापून बंद. परत लावलं, परत बंद. साहेब मशीनसमोर उभे राहून तपासत होते. पुढून, बाजूने, परत पुढून. मी एका बोर्डावर वाकलेली, माझं लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी जाळीवर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला.

“राणे, इथे काय आहे गं मऊ?”

मी वर बघितलं. भगव्या झेंडूची माळ, त्यांच्या नाकासमोर, हातभर अंतरावर. सगळ्या शेडमध्ये तेवढी एकच गोष्ट रंगीत होती.

“फुलं आहेत साहेब,” मी म्हटलं.

“हं,” ते म्हणाले, “वास येत होता मघापासून. मला वाटलं देवाजवळ असतील.”

ग्रेसीने पुढे होऊन माळ काढली आणि ती माळ हातात घेऊन सरळ मागच्या दाराने बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

त्यांना साखरेचा आजार होता आणि डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरत होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हे थांबवता येईल असं नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी ते स्वतःच आम्हाला सांगितलं. आवाज अगदी रोजचा. “मला काही फार नको. धरण एकदा शेवटपर्यंत जाताना बघू दे. मग काय दिसायचं राहिलंय मोठं!”

मी घरी जाऊन जेवले नाही. आईला वाटलं, ऑफिसात कोणाशी भांडण झालं.

*

बापट त्यानंतर आला. गणिताचा माणूस, प्रोग्रॅम लिहायला. पहिल्या दिवशी मला म्हणाला, “आपण जरा सरकता का?” मी मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतोय! ग्रेसी म्हणाली, “ए विजू, ह्याला सांग, इथे ‘सरक’ म्हटलं तरी चालतं.”

पण माणूस सोन्यासारखा. मशीनच्या तोंडावर बारीक दिव्यांची ओळ होती. कुठलं काम चाललंय ते त्या दिव्यांवरून कळायचं. साहेब आता त्या दिव्यांच्या फार जवळ जाऊन बघायला लागले होते, अगदी नाक लावून. बापटने चार दिवस ते बघितलं. पाचव्या दिवशी घरून जुना ट्रान्झिस्टर आणला, त्याचा स्पीकर काढला आणि मशीनच्या एका तारेला जोडून दिला.

“हे कशाला रे?” मी विचारलं.

“चुका शोधायला बरं पडतं,” तो म्हणाला आणि लाल झाला. सगळ्यांना कळलं कशाला ते.

काय आवाज यायचे म्हणून सांगू! गुणाकाराला बारीक शीळ, भागाकाराला घरघर, आणि अडकलं की एकच लांब सूर, ऊंऽऽऽ. आमच्या शेजारी प्लॅस्टिकच्या कंगव्यांचा कारखाना होता. तिथला सुपरवायझर एक दिवस हातात दुधाची बशी घेऊनच आला. “तुमच्याकडे मांजर अडकलंय ना? माळ्यावर असेल, मी काढून देतो.”

साहेब खुर्चीत डोळे मिटून बसले होते. म्हणाले, “मांजर नाही हो. तो भागाकार आहे. पण दूध ठेवून जा, चहाला होईल.”

महिन्याभरात ते सगळं ऐकून ओळखायला लागले. “हं, मेमरीची वाट बघतोय.” “आता तिसऱ्या रांगेत गेला.” बापटने प्रोग्रॅमच्या अगदी शेवटी एक घंटाही घालून ठेवली, शाळा सुटल्यासारखी, टणटणटण. धरण भरलं की ती वाजणार. साहेबांना फार आवडली ती कल्पना. “कशी वाजते ते मात्र आत्ता ऐकवू नको हं,” ते म्हणाले. “त्या दिवशीच ऐकेन.”

*

परीक्षेचा दिवस उजाडला तो मे महिन्यात. आणि सकाळी सकाळी एसीने मान टाकली! अंधेरीचा उकाडा आणि थंड हवेशिवाय आमचं मशीन घटकाभरही जगणार नाही. दुपारी प्रयोगशाळेची माणसं येणार. वाटच लागली म्हणा ना.

साहेब घरून फोनवर म्हणाले, “राणे, वर्सोव्याला जा. मासे ठेवायला बर्फ लागतो, तिथे मिळेल.”

मी टेम्पो करून वर्सोव्याला गेले आणि बर्फाच्या लाद्या घेऊन आले. बाहेरच्या खोलीत टबात लाद्या, त्यांच्यामागे मोठे पंखे, आणि पुठ्ठ्याचा बोगदा करून गार हवा मशीनच्या जाळीत. झकास चाललं! फक्त लाद्या बोंबलांच्या शेजारून आल्या होत्या. पाहुणे दारात आले आणि त्यांनी रुमाल काढले.

त्यांच्यातले मोठे साहेब म्हणाले, “वागळे, मशीन ठीक आहे. पण हा वास...?”

“स्वदेशी गारवा आहे,” वागळे साहेब म्हणाले. पाहुणेसुद्धा हसले. स्पीकरमधून बारीक शीळ सुरू होती, एकसारखी. साहेब काठी धरून खुर्चीत ताठ बसले होते, नवा शर्ट घालून. वहिनींनी इस्त्री करून दिलेला.

इथपर्यंत आम्ही नेहमी हसत सांगतो. पुढचं बापट असला की सांगत नाही, पण तोच म्हणतो, सांग.

त्या सकाळी मी वर्सोव्याला होते. ग्रेसीच्या मावशीची मयत होती, ती चर्चला. साहेब मुलुंडहून निघायचे होते. शेडमध्ये एकटा बापट. त्याच्या मनात आलं, पाहुणे येणार, मशीन मागून बघणार, आणि हा असला गुंता! पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतोच ना? त्याने दोरा घेतला आणि मागच्या सगळ्या वायरी हाताने विंचरून, ओळीत लावून, जुड्या करकचून बांधल्या. शेजाऱ्यांना खेटून बसवायचं नाही हे साहेबांनी शेठना सांगितलं, तेव्हा तो आमच्यात आलेलाच नव्हता. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला वेगळं सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

चहापर्यंत शीळ छान चालली. मग ती अडखळली. परत लागली. मग एकच सूर. ऊंऽऽऽ.

पाहुणे चांगले होते. म्हणाले, प्रयत्न मोठा आहे, एवढ्या साधनांत कोण करतं. चहा पिऊन गेले.

साहेब उठले, मशीनला हात लावत लावत मागे गेले. पाठीवरून हात फिरवला. वरून खाली, परत खालून वर.

“वेणी कोणी घातली हिची?”

बापट पुढे आला. “मी, साहेब. पाहुणे येणार म्हणून...”

साहेबांनी चाचपत त्याचा खांदा शोधला. “सुंदर घातलीस रे. तुझ्या मुलीची मजा आहे.”

बापटने पुढे लग्नच केलं नाही. आम्ही त्याला त्यावरून कधी चिडवत नाही.

*

दोरे कापले. पण वायरी ओढून बांधल्या होत्या, त्यात कित्येक पिनांवरची गुंडाळी सैल झाली होती. कुठली, ते बघून कळत नव्हतं. ग्रेसी एकेक पीन नव्याने करत बसायची. मशीन आज बरं, उद्या आजारी. प्रयोगशाळेने पत्राने कळवलं, दिवाळीनंतर पुन्हा बघू.

साहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर उरलंसुरलंही दिसेना. वहिनी त्यांना घराबाहेर एकटं सोडत नव्हत्या. मग साहेबांनीच तोड काढली. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे धरण भरायच्या वेळेला, मुलुंडहून फोन. मी उचलायचा, म्हणायचं, “साहेब, मशीन फोनवर आहे,” आणि रिसीव्हर स्पीकरपाशी धरायचा. ते घंटेची वाट बघत ऐकत बसायचे. मध्येच म्हणायचे, “राणे, भागाकाराला दम लागतोय, दुसरा बोर्ड बघ.” बघावं तर खरंच तिथे बिघाड!

त्या काळचे फोन तुम्हाला ठाऊक आहेत. एकदा लाइन भलत्याच ठिकाणी जुळली. स्पीकरची शीळ चाललेली, मी इकडे, साहेब तिकडे, आणि मध्ये एक बाई उगवल्या. कोण, कुठल्या, काही पत्ता नाही. जरा वेळ त्यांनी ऐकलं आणि मायेने म्हणाल्या, “अहो, तुमचा फोन बिघडलाय हो. कंप्लेंट द्या.”

साहेब म्हणाले, “नाही बाई. आज पहिल्यांदाच बरा चाललाय. जरा ऐकू द्या.”

आणि त्या बाई खरंच गप्प राहिल्या! त्यांनीही ऐकलं. मग मशीन अडलं आणि तो लांब सूर लागला, तेव्हा त्याच हळूच म्हणाल्या, “गेलं वाटतं.”

“गेलं,” साहेब म्हणाले. “उद्या या.”

*

दिवाळी काही आली नाही. म्हणजे आली, आमच्यासाठी नाही. प्रयोगशाळेला परदेशी मशीन मिळायचं नक्की झालं. त्यांना काय दोष द्यायचा, त्यांनाही त्यांची गणितं करायची होती. शेठनी आम्हाला बोलावलं. टेबलावरची पेन्सिल उभी करत, आडवी करत म्हणाले, “राणेबेन, आता माझ्याच्याने होत नाही.”

पुढच्या आठवड्यापासून त्याच शेडमध्ये, त्याच टेबलांवर आम्ही टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवायला लागलो. पिनांवर सोन्याचा मुलामा होता, म्हणून कुर्ल्याहून भंगारवाला आला. तो म्हणाला, वायरी सोडवून द्या. म्हणजे ज्या मुलींनी दोन वर्षं गुंडाळल्या त्यांनीच त्या सोडवायच्या! ग्रेसीने मुलींना घरी पाठवलं आणि एकटीने सोडवल्या. मी मदतीला गेले तर अंगावर आली, “तू जा गं. मना कोणी नको इथे.” रडत होती आणि हात मात्र सराईतासारखे चाललेले. मशीनचं रिकामं कपाट शेठनी आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. त्यात ते काहीच ठेवत नव्हते.

प्रश्न एकच होता. साहेबांना कोण सांगणार? शेठ म्हणाले, मी मालक, मीच सांगतो. आमच्यासमोर फोन लावला. साहेबांची तब्येत विचारली, साखर किती आहे विचारलं, वहिनींना नमस्कार सांगितला, आणि फोन ठेवला. मग कपाळाला हात लावून म्हणाले, “तुम्ही सांगा.”

आणि संध्याकाळी सहाला, नेहमीसारखा, फोन वाजला.

*

बापटकडे कॅसेट होती. मशीन बरं चालायचं त्या दिवसांत त्याने एकदा टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरून घेतला होता. का, ते मी विचारलं नाही. फोन वाजत होता आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो. बापटने काही न बोलता कॅसेट घातली आणि बटण दाबलं. मी फोन उचलला.

“साहेब, मशीन फोनवर आहे.”

त्यांनी ऐकलं. “छान लागलंय आज,” म्हणाले. मध्येच कॅसेटवर ग्रेसी शिंकली. भरताना शिंकली असणार. साहेब म्हणाले, “ग्रेसीला सर्दी झालीय का गं? आल्याचा चहा दे तिला.” मी हो म्हटलं. मग मी बटण बंद केलं आणि सांगितलं, “अडलं साहेब. उद्या परत लावू.”

एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी खरं बोलायला तोंड राहत नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आणि रोज तीच शिंक! चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, “अगं, हिची सर्दी अजून बरी नाही? डॉक्टरला दाखवा.” मी हो म्हटलं. ग्रेसी मात्र माझ्यावर उखडली. “मी काय आता जन्मभर सर्दी धरून बसू?”

हसलो आम्ही. पण ते हसू टिकलं नाही, कारण रोज फोन ठेवताना ते विचारायचे, “आज भरेल असं वाटलं होतं, नाही?” त्यांना ती घंटा ऐकायची होती. बाकी काही मागितलं नव्हतं त्या माणसाने. आणि कॅसेटवर घंटा नव्हती, कारण घंटा कधी वाजलीच नव्हती.

मी म्हटलं, “बापट, भर ना घंटा. तुला माहीत आहे कशी वाजणार होती ती. एकदा ऐकवू आणि संपवू.”

बापट उसळला. इतक्या वर्षांत तेवढाच एकदा. “खोटी घंटा? त्यांना? एकदा वाट लावलीय मी त्यांच्या कामाची. आता हेही करू?”

ग्रेसी म्हणाली, “मरेपर्यंत वाट बघायला लावणार तू त्यांना?”

“आणि कळलं तर?”

“नाय कळणार.”

“त्यांना?” बापट म्हणाला.

मग एक दिवस तो कॅसेट घरी घेऊन गेला. सकाळी आणून माझ्या टेबलावर ठेवली. “दुसऱ्या बाजूला भरलंय,” म्हणाला. “धरणाचा शेवटचा भाग. आणि घंटा.” त्याचे डोळे सुजलेले होते. “लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका.”

त्या दिवशी लावायची ठरलं, हिंमत झाली नाही. पहिलीच बाजू लावली. दुसऱ्या दिवशी ग्रेसी म्हणाली, आज मी लावते. तिनेही पहिलीच लावली. आठवडा गेला. वहिनींचा एकदा दुपारी फोन आला, हळू आवाजात. साहेब जेवत नाहीत, पाय सुजलेत, पण साडेपाच वाजले की शर्ट बदलून फोनपाशी बसतात.

आणि तो दिवस. स्टॅबिलायझरचा मोठा माल बाहेर काढायचा होता, शेडमध्ये गडबड. सहाला फोन आला. मी म्हटलं, “साहेब, मशीन फोनवर आहे,” रिसीव्हर टेपरेकॉर्डरपाशी टेकवला आणि तोंड फिरवून दुसऱ्या कामाला लागले. रोज मी मध्येच बंद करायचे. त्या दिवशी लक्षच राहिलं नाही. शीळ चालली, घरघर झाली, ग्रेसीची शिंक झाली, परत शीळ. सगळी बाजू वाजून संपली.

आणि बटण वर उडालं. खट्!

तो आवाज कोणाला माहीत नाही? घरोघरी टेपरेकॉर्डर होते तेव्हा. बापटच्या हातातला स्क्रू खाली पडला. ग्रेसीने तोंडावर पदर घेतला. मी धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणणार होते, लाइट गेली साहेब. ओठांवर आलंही होतं.

तेवढ्यात ते बोलले. अगदी रोजच्या आवाजात.

“राणे, आता दुसरी बाजू लाव गं. मी फोन धरतो.”